सतरावं वाक्य

फोन आला तेव्हा ती एका माणसाला किल्लीवाचून दाराबाहेर बसवण्याच्या बेतात होती. किल्ली त्याने शेजाऱ्याकडे ठेवली असती तर त्याला पायरीवर बसावं लागलं नसतं, एवढंच वाक्य. पण माणूस एकदा पायरीवर बसला की पुढे त्याचं काय होणार हे तिला उगीचच दिसायला लागायचं. तो बूट काढणार, पुन्हा घालणार, वरच्या मजल्यावरून उतरणाऱ्या बाईला जागा द्यायला भिंतीला चिकटणार. सव्वीस वर्षांत अशी किती माणसं तिने पायऱ्यांवर, फलाटांवर, चुकीच्या खोल्यांच्या दारांत सोडून दिली होती याचा हिशेब नव्हता. फोनवर भाची होती. तिला घरात चिमणी म्हणतात, आणि चौदाव्या वर्षीच ती बापाच्या खांद्याला लागली आहे. "आत्या, तू फेमस झालीस!" चिमणी ओरडली. "आमच्या वर्गाला तुझं पुस्तक लावलंय. आत तुझं नावच नाहीये पण, नुसतं 'संपादक मंडळ'. मी बाईंना सांगितलं ही माझी आत्या आहे, तर बाई म्हणाल्या, मग आत्याला म्हणावं एवढी वाक्यं कशाला घालता?" "बाईंना म्हणावं, पोटासाठी." चिमणी हसली. मग म्हणाली, "सतरावं अडलंय." "वाच." चिमणीने शाळेतली पोरं इंग्रजी वाचतात तसं नाकातून, एका श्वासात वाचून टाकलं. मराठीत ते असं झालं असतं, की मुलाने त्या संध्याकाळीच म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं असतं तर म्हातारा वाचला असता. "यातला इफ काढायचा ना? आणि हॅड पुढे? मला येत होतं तसं, पण बाबा समोर बसले होते म्हणून म्हटलं त्यांना दाखवावं. त्यांना कळलं नसेल असं वाटलं, म्हणून मराठीत सांगितलं. तर म्हणाले, हे तुझ्या आत्यालाच विचार. आणि बॅग घेऊन कामाला गेले. डबा राहिला त्यांचा. आत्या? चिडलेत का ते?"

"हॅड पुढे घे," ती म्हणाली. "बरोबर आहे तुझं." आणि फोन ठेवल्यावर समोरच्या कागदाकडे बघत राहिली. पायरीवरचा माणूस तसाच बसून होता.

कचेरीत तिला वाक्यवाल्या बाई म्हणत. शाळेच्या पुस्तकांच्या शेवटी जे स्वाध्याय असतात, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, वाक्य पुन्हा लिहा, ते कोणीतरी बसून लिहिलेलं असतं हे पोरांच्या डोक्यात येत नाही. त्यांना वाटतं ते पावसासारखं वरून पडतं. या प्रकाशनात ते ती पाडायची. बाकीची मंडळी वर्तमानकाळ, भूतकाळ, शब्दयोगी अव्ययं अशी सोपी सोपी कुरणं वाटून घेत, आणि तिच्या वाट्याला कायम तो धडा येई, ज्यात इंग्रजी माणूस फार सभ्यपणे बोलायचं ठरवतो आणि अटीच्या वाक्यातला 'जर' गिळून क्रियापद पुढे आणून उभं करतो. हॅड, वेअर, शुड. पत्रांत, ठरावांत, वकिलांच्या नोटिशीत येतं तसलं. दारावर टकटक न करता एकदम आत येऊन उभं राहिलेल्या पाहुण्यासारखं ते क्रियापद तिला सुरुवातीला वाटायचं. नंतर वाटेनासं झालं. तिला ते आवडायचं म्हणून तो धडा तिच्याकडे आला की तिच्याकडे आला म्हणून तिला आवडू लागलं, हे आता सांगता आलं नसतं. घरी असं काही बोललं की नाना, तिचे वडील, म्हणत, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, पुढे बोल. पुढे चिमणी झाली, ती खरोखरच आत्याबाई झाली, आणि वरच्या ओठावर चार केसही आले. तेव्हा ती म्हण घरात तिच्याच नावावर चढली.

वाक्यांना नियम होते. देव नको, दारू नको, निवडणूक नको, आजार नको, मरण तर नकोच. मग उरतं काय? छत्री उरते. किल्ली, गाडी, निरोप, साहेब, बँकेची वेळ. तिच्या वाक्यांतल्या जगात आजवर एकाही माणसाने वेळेवर छत्री नेलेली नव्हती. दर दोन वर्षांनी पुस्तक बदलायचं आणि तीनशे नवी वाक्यं लागायची. छत्र्या संपल्या की माणूस इकडेतिकडे बघतो, आणि हाताशी असतं ते आपलंच आयुष्य. तिने ते थोडं थोडं काढून वापरलं होतं, घरातल्या जुन्या चादरीची पायपुसणी करावीत तसं. एकदा लग्न ठरून मोडलं होतं, त्याची तीन वाक्यं झाली. पत्र वेळेवर पोचलं असतं तर, त्याने विचारलं असतं तर, तिला निळा रंग आवडत असता तर. कुणाला कळलं नाही. कळणार कसं? शेजारी 'मॅनेजरने फाइल वाचली असती तर' उभा असतो, आणि ओळीत उभं केलं की सगळ्यांचे चेहरे एकसारखे होतात. उलट तिला त्यात एक विसावा मिळे. एखादी गोष्ट क्रमांक घालून, पूर्णविराम देऊन पोरांच्या हवाली केली की ती आपली राहत नाही, अशी तिची समजूत होती. हजारो पोरं पेन्सिली चावत ती गोष्ट उलटीसुलटी करणार, दहापैकी गुण घेणार, आणि वर्ष संपलं की रद्दीत घालणार. यापेक्षा चांगली विल्हेवाट कोणती?

पण सतरावं वाक्य आपण लिहिलं कधी, हे तिला आठवेना. तिने पुस्तक कपाटातून काढलं, पान उघडलं. सोळा म्हणजे गाडी चुकलेली बाई. अठरा म्हणजे पुन्हा छत्री. मधे तो म्हातारा. आजार नको, मरण नको, असं असताना म्हातारा इथवर आला कसा? आणि मुलाने? मुलाने कसं? तिला आठवत होतं, म्हणजे आठवतंय असं तिला वाटत होतं, की असं एखादं वाक्य तिने कधीतरी थकून लिहिलं असेल तर ते 'मुलीने' असं लिहिलं असेल. मुलगी त्या संध्याकाळी गेली असती तर. ते तसंच असायला हवं होतं. कारण तसंच झालं होतं.

इंग्रजी ही त्यांच्या घरात एकट्या तिच्याकडे होती, जशी एखाद्या मजल्यावर एकाच घरी शिडी असते आणि सगळे मागून नेतात. ती तिने कुणाकडून शिकलेली नव्हती. टायपिंगच्या क्लासमधल्या जुन्या पुस्तकांतून, औषधांच्या घडीच्या कागदांतून, सापडेल तिथून वेचून आणली होती. तिला नोकरी लागली तेव्हा नाना चारचौघांत सांगत, आमची पोरगी इंग्रजी बनवते. जणू इंग्रजी तिच्या कचेरीत तयार होते आणि मग बाहेरच्या देशांत जाते. तेव्हापासून घरातला प्रत्येक अर्ज, प्रत्येक खिडकी, प्रत्येक मोठ्या इमारतीतला प्रत्येक साहेब तिच्या वाट्याचा झाला. धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करायचा. वीस-वीस मजल्यांच्या काळ्याकुट्ट विहिरीत तो दोरावर लोंबकळत काम करी, तोंडात बॅटरी धरून, आणि खाली बघताना त्याला काही वाटत नसे. पण दवाखान्याच्या काउंटरसमोर त्याला पाऊल पुढे टाकवत नसे. नानांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तो एकटा गेला होता. फॉर्मवर रुग्णाच्या जागी स्वतःचं नाव लिहून, सही करून, त्याने कागद परत दिला. काउंटरवरची मुलगी शेजारणीला इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. काय म्हणाली ते त्याला कळलं नाही. कळलं असतं तर कदाचित विसरला असता. त्यानंतर तो म्हणायला लागला, "ताई असल्याशिवाय मी त्या पायऱ्या चढणार नाही." सगळे हसायचे. तीही हसायची. हसताना थोडं बरंही वाटायचं, हे कबूल करायला पाहिजे. घरात आपल्यावाचून अडतं, यासारखी गोडी दुसरी नाही.

सहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ. सव्वासहा झाले होते. छापखान्याचा माणूस बाहेर बाकावर बसून होता, शेवटची प्रुफं न्यायला, आणि दर पाच मिनिटांनी खोकून आपण आहोत असं कळवत होता. फोन वाजला. धाकटा म्हणाला, "ताई, नाना धापा टाकताहेत." ती म्हणाली, "धापा रोजच्याच आहेत." तो म्हणाला, "आज जास्त आहेत. नेऊ का? तू येतेस का?" तिचं डाव्या हाताचं बोट तेव्हा प्रुफाच्या एका ओळीवर होतं. ओळ सापडायला वेळ लागतो म्हणून तिने बोट उचललं नाही. "आत्ता मोठे डॉक्टर कोणी नसतात," ती म्हणाली. "वाफ दे. सकाळी मी आठला येते, मग नेऊ." "सकाळी?" "सकाळी." तो "बरं" म्हणाला. एवढंच. मिनिटभराचंसुद्धा बोलणं नाही. तिने ती ओळ पुढे वाचली, तिच्यातली एक चूक सापडली, तिला त्याचा आनंदही झाला. दुसऱ्या दिवशी आठला दहा मिनिटं कमी असताना ती पोचली, तर धाकटा जिन्याच्या पायरीवर बसला होता. "आलीस," तो म्हणाला. नाना पहाटेच गेले होते. मग डॉक्टर आला, कागद आले, आणि तिने ते भरले. स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड न करता. रुग्णाचं नाव रुग्णाच्या जागी. डॉक्टर तिला म्हणाला, तुमचं इंग्रजी फार छान आहे. आणि ती थँक यू म्हणाली होती. हे 'थँक यू' तिला नानांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळा आठवायचं.

बोलली ती थोरली काकू. काकूचा आवाज पहिल्यापासून तीन घरं ओलांडणारा. भरल्या घरात, सगळ्यांसमोर ती धाकट्याला म्हणाली, "पोटचा पोरगा घरात असून म्हाताऱ्याला दवाखाना दिसला नाही. लिफ्टा कसल्या दुरुस्त करतोस, बाप वर गेला बघ." कोणीतरी काकूला गप्प केलं. धाकट्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं, एकदाच. ती फॉर्मचे कागद एकावर एक नीट लावत होती. तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर सहा वर्षांतही नाही. काकूने ते वाक्य घरोघर नेलं, आते-मामे-चुलत सगळीकडे ते पोचलं. धाकट्याने लग्नकार्यांना जाणं कमी केलं, मग बंद केलं. कामं असतात, म्हणायचा. आणि तिने स्वतःला समजावलं होतं की तो बोलत नाही म्हणजे त्याने ते मनाला लावून घेतलेलं नाही; पुरुषांचं तसं असतं. असलं काहीतरी. थकलेल्या माणसाला कुठलंही कारण चालतं, उशी कसलीही चालते तसं.

उघडं पुस्तक घेऊन ती चाळणींकडे गेली. चाळणी म्हणजे कचेरीतले तपासनीस; सगळ्यांचं लिखाण त्यांच्या हाताखालून जायचं. नाव त्यांना कोणी ठेवलं माहीत नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि ते त्यावर खूश होते. मधल्या काळात वरून फर्मान आलं होतं की पुस्तकात बायका आणि पुरुष समसमान दिसले पाहिजेत, तेव्हापासून चाळणी मोजून मोजून बायकांचे पुरुष आणि पुरुषांच्या बायका करत. एका पानावर चार मुली झाल्या की एकीचा मुलगा. तिच्या मनात हेच येत होतं, पायाखाली फळी यावी तसं. "सतरावं वाक्य बघा," ती म्हणाली. "इथे मी मुलगी लिहिली असणार. तुम्ही मुलगा केलात का?" चाळणींनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "हा म्हातारा माझ्या नजरेतून सुटला कसा? आजार, मरण, दोन्ही एका वाक्यात! हल्ली डोळे दगा देतात बाई." "मुलगा तुम्ही केलात का?" "केला असेल. त्या वर्षी मी निम्म्या देशाचं लिंग बदललं. का, काय झालं? तक्रार आली?" "घरून आली." चाळणींनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "मग सांगा ना, चाळणीने केलं म्हणून. माझ्या अंगावर ढकला. पुढच्या महिन्यात मी घरी बसणार, माझं काय जातंय? अहो, जाणाऱ्या माणसाला कसला दोष. खुशाल सांगा." आणि पुन्हा चष्मा खाली ओढून कामाला लागले. ही इतकी सोपी, इतक्या मायेने दिलेली गोष्ट होती की तिला तिथेच खुर्ची ओढून बसावंसं वाटलं. धाकट्या, माझं वाक्य वेगळं होतं, कचेरीतल्या एका म्हाताऱ्याने बदललं. तो मान हलवेल. डबा घेऊन जाईल. चिमणीला गुण मिळतील.

तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण सव्वीस वर्षांची सवय वाईट. छापलेल्यावर तिचा विश्वास बसत नसे, मूळ प्रत बघितल्याशिवाय तिला घास उतरत नसे. मूळ प्रती जिन्याखालच्या खोलीत असत, वर्षावार दोऱ्याने बांधून. तिथला दिवा लावला तरी अंधार फक्त कोपऱ्यात सरकायचा. तिने ते वर्ष शोधलं, दोरा सोडला. गाठ सुटेना, दाताने सोडवली. तोंडात धुळीची चव आली. पानं उलटताना तिचंच अक्षर तिच्याकडे बघत होतं, आधी टोकदार, मग दुपारनंतरचं लोळलेलं. सोळावं. सतरावं. निळ्या शाईत, तिच्या अक्षरात, 'मुलाने'. खोडलेलं नाही, वर काही लिहिलेलं नाही. आणि शेजारी समासात चाळणींची शिसपेन्सिल होती: 'आजारपण आहे. बदलू या का?' म्हणजे चाळणींनी पाहिलं होतं. ते विसरले होते. आणि त्याच्या खाली पुन्हा तिची शाई: 'राहू द्या.' दोन शब्द, खाली छोटी सही.

तिने त्या सहीवरून बोट फिरवलं. तिला स्वतःचा राग यायला हवा होता, तो आला नाही. आला तो एक प्रकारचा शीण, जुना, ओळखीचा, जिने चढून आल्यावर पोटऱ्यांत भरतो तसा. तिने आठवायचा प्रयत्न केला. दोनशे ऐंशी वाक्यं झाली असतील, वीस उरली असतील. दुपार असेल. डोकं रिकामं, हात चालतोय, आणि हाताशी जे तयार होतं ते तिने उचललं. तयार काय होतं? काकूचं वाक्य होतं. घरोघर फिरून गुळगुळीत झालेलं, कुठेच न टोचणारं. तिने फक्त त्याचं इंग्रजी बनवलं होतं. मुलीने, असं लिहायला थांबावं लागलं असतं, आणि थांबायला त्या दिवशी वेळ नव्हता. त्याआधीच्याही एका दिवशी नव्हता. तिला वाटत आलं होतं की आपण मनातल्या मनात सहा वर्षं स्वतःला दोष देतोय. रोज थोडा थोडा देतोय, औषधासारखा. पण हाताला ते माहीतच नव्हतं. हाताने सगळ्यांबरोबर बोट धाकट्याकडेच दाखवलं होतं. आणि चाळणींनी अडवलं तेव्हा, राहू द्या.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती; चार मजले चढावे लागत. दर मजल्यावर ती थांबली. दुसऱ्या मजल्यापर्यंत चाळणींचं नाव ओठावर होतं. तिने ते बोलूनही पाहिलं, हळू, भिंतीकडे तोंड करून, आणि ते अगदी खरं वाटलं. तिसऱ्या मजल्यावर एका दाराआड कोणीतरी भांडी घासत गुणगुणत होतं. दार भावजयीने उघडलं. "वन्सं! या. हे आत्ताच आलेत, दिवसभर उपाशी. डबा विसरून गेले, मी म्हटलं आज लिफ्ट खाली आणलीत की स्वतःच आलात वरून?" ती बोलत राहिली, कारण घरातली हवा तिला कळली होती आणि काही बोलून ती हलती ठेवणं हे तिचं या घरातलं काम होतं. धाकटा टेबलाशी बसून स्क्रू निवडत होता, मोठे एका डबीत, बारीक दुसरीत. त्याने मान वर केली नाही. समोर चिमणी पुस्तक पसरून बसली होती. "आत्या, बाईंनी सतराव्याला बरोबर दिलं. पण एक मुलगी म्हणाली, असला कसला मुलगा. वर्गात सगळे हसले."

धाकट्याचा हात डबीवर थांबला. "तूच लिहिलंस?" त्याने विचारलं.

हीच ती जागा. फळी तयार होती, पाय टाकायचा अवकाश. "मीच," ती म्हणाली. आणि बसायच्या आत, पर्स खांद्यालाच असताना, चिमणीकडे वळून म्हणाली, "ते वाक्य चुकलंय." "कसं? बाईंनी बरोबर दिलं." "इंग्रजी बरोबर आहे. झालं तसं नव्हतं." भावजयीने गॅस बारीक केला. "तुझ्या बाबांनी मला फोन केला होता. त्या संध्याकाळी. नेऊ का, म्हणून विचारलं. मी म्हणाले, सकाळी. मला काम होतं." तिला वाटलं होतं हे बोलायला बराच वेळ लागेल, पण ते तेवढ्यातच संपलं. चिमणी एकदा तिच्याकडे, एकदा बापाकडे बघत होती. भावजयीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं, आणि तिने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिलाही हे ठाऊक नव्हतं हे कळावं. सहा वर्षं त्याने बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"झालं सांगून?" धाकटा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. "हे तू मला कशाला सांगतेस ताई? मला माहीतच आहे. माझ्याच कानाने ऐकलं होतं."

"तू कधी बोलला नाहीस."

"काय बोलू? बहिणीने अडवलं म्हणून बाप मेला, असं सांगत फिरू? मला पाय नव्हते? टॅक्सी करता येत नव्हती? काउंटरवरची पोरगी हसली असती, हसू दे. बाप तर आत गेला असता." त्याने एक बारीक स्क्रू मोठ्यांच्या डबीत टाकला, परत काढला. "त्याचं मी बघतो. ते माझं आहे. पण तुझ्या वाटणीचंही मीच उचललं, तर निदान छापायचं तरी नव्हतंस. पोरीच्या दप्तरात घालून पाठवलंस."

चुकले, असं ती म्हणाली, आणि तो शब्द तिला स्वाध्यायातल्या शब्दासारखा ऐकू आला. "कचेरीत सांगून काढून टाकते ते वाक्य. पुढच्या आवृत्तीत."

"पुढच्या आवृत्तीत," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच किंचित हसला. नानांसारखा, नाकातून. मग त्याने खिशातून फोन काढला, चष्मा नसल्यामुळे तो लांब धरला आणि अंगठ्याने काहीतरी शोधायला लागला. "ज्यांना माहीत आहे त्यांना नको सांगूस. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." "अहो, आत्ता कशाला," भावजय म्हणाली. "वन्सं दमून आल्यात." "दमलोय तर सगळेच," तो म्हणाला. त्याने फोन तिच्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत होती आणि पडद्यावर काकूचं नाव होतं. या घरातून त्या घरी गेली सहा वर्षं फोन गेला नव्हता.

"कोण?" काकूचा आवाज आला. अजूनही तीन घरं ओलांडणारा. "कोण बोलतंय?"

"काकू, मी." ती आपसूक खिडकीकडे वळली, जसं माणूस अवघड बोलताना वळतो. समोरच्या इमारतीत कोणी बाल्कनीत कपडे काढत होतं. "नानांच्या वेळचं सांगायचं होतं. धाकट्याने त्यांना दवाखान्यात नेलं नाही, ते माझ्यामुळे. त्याने मला विचारलं होतं, आणि मी म्हणाले, सकाळी ने."

"काय? ऐकू येत नाही मला आता. कान गेले माझे. मोठ्यांदा बोल."

तिने मागे पाहिलं. धाकटा स्क्रू निवडत नव्हता. तो बघत होता, सहा वर्षांपूर्वी भरल्या घरात बघितलं होतं तसा. फरक एवढाच, की आज तिच्या हातात नीट लावायला कागद नव्हते. "काकू, मी म्हणाले होते!" ती ओरडली. आयुष्यात ती कधी ओरडलेली नव्हती. आवाज मधेच फाटला. "तो न्यायला निघाला होता! मी म्हणाले, सकाळी ने! मी!" बाल्कनीतल्या बाईने हातातला कपडा तसाच धरून इकडे पाहिलं. तिकडे काकूच्या मागे टीव्ही चालू होता, तो बंद केल्याचा आवाज आला.

"पोरी, मला धड कळत नाहीये तू काय म्हणतेस," काकू म्हणाली. "सगळे इथेच बसलेत. थांब, सुनेला देते. तिला नीट पहिल्यापासून सांग."

धाकट्याने पायाने खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. फोन या कानाचा त्या कानाला घेतला, आणि सूनबाईचं "हॅलो?" आल्यावर पहिल्यापासून सांगायला लागली.